पासष्टीच्या आतला डिमेन्शिया : घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय करावे



डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सत्तरी-ऐंशीतली आजी येते. तेच तेच विचारणारी, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारणारी. आज मी ज्या रुग्णाबद्दल लिहिते आहे तो असा नाही. तो पन्नाशीत आहे, नोकरीवर आहे, त्याची मुले कॉलेजात आहेत आणि घराचे हप्ते चालू आहेत. पुष्कळदा त्याच्या घरात किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला त्याची आई, बाप, मावशी किंवा थोरली बहीण असते, जिचे वय जास्त पण डोके शाबूत. हा लेख त्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. मी स्वतः त्यांपैकीच एक. मुंबईत ३२ वर्षे नर्सची नोकरी केली, आता ६९ वर्षांची आहे आणि कॅलिफोर्नियात सांता क्लारा येथे राहते. माझ्या धाकट्या भावाला ५७व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले. आमची आई ८६ वर्षांची आहे आणि ती त्याच्याच घरी असते. आपल्याकडची रीत अशी की म्हातारे विसरतात आणि तरुण सांभाळतात. आमच्या घरी हा क्रम उलटा झाला.

६५ वर्षांच्या आत सुरू झालेल्या डिमेन्शियाला डॉक्टर लवकर सुरू झालेला डिमेन्शिया म्हणतात. हा ६५ चा आकडा शरीराने ठरवलेला नाही, तो निवृत्तीच्या वयावरून आला आहे. ६४व्या वर्षी होणारा आजार आणि ६६व्या वर्षी होणारा आजार मेंदूत एकच असतो. फरक पडतो तो पगार, विमा आणि लग्नाची मुले यांत.

गंमत अशी की ज्या आजाराला आपण म्हातारपणाचा समजतो त्याची पहिली नोंदलेली रुग्ण म्हातारी नव्हतीच. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. वय ५१, नवरा रेल्वेत कारकून. सुरुवात विसरण्याने नव्हे तर नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती. मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू लपवल्या जाऊ लागल्या, घरात येरझाऱ्या सुरू झाल्या. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याशी बोलत आणि तिचे प्रत्येक उत्तर लिहून ठेवत. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे डॉक्टरांच्या सभेत मांडले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे कित्येक वर्षे अल्झायमर हे नाव फक्त तरुण रुग्णांसाठी वापरत. म्हाताऱ्यांचे ते ‘म्हातारचळ’. दोन्ही एकच आजार आहे हे ठामपणे मांडले गेले ते १९७६ मध्ये, अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांच्या लेखात.

आज जगात ३० ते ६४ या वयाचे सुमारे ३९ लाख लोक डिमेन्शियासह जगत आहेत, असा २०२१ मधला अंदाज आहे. तुलनेसाठी सांगते, एकट्या भारतात साठीपुढचे डिमेन्शियाचे रुग्ण सुमारे ८८ लाख आहेत. म्हणजे तरुण रुग्ण थोडे आहेत, आणि थोडे असल्यामुळेच ते ओळखू येत नाहीत.

विसरणे नव्हे, काहीतरी वेगळेच

माझा भाऊ विसरत नव्हता. हे मला पहिल्यांदा सांगायचे आहे, कारण घरोघरी याच ठिकाणी वेळ जातो. त्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते. पण गाडी लावताना ती तिरकी लागू लागली. जिन्याची शेवटची पायरी चुकू लागली. ऑफिसात संगणकावरच्या तक्त्यात तो ओळी हरवू लागला. शुक्रवारी संध्याकाळी पुस्तक हातात घेऊन प्रार्थना म्हणताना तो अडखळायचा. पुस्तक मिटले की तीच प्रार्थना चालीवर घडाघडा म्हणायचा. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितले, डोळे उत्तम आहेत. मग कोणी म्हणाले कामाचा ताण, कोणी म्हणाले निराशा, आणि त्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्यावर, एमआरआय आणि दोन-तीन तासांच्या चाचण्या झाल्यावर कळले की अल्झायमरने त्याच्या मेंदूच्या मागच्या भागावर घाला घातला आहे. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावण्याचे काम तो भाग करतो. डोळे बघतात, पण काय बघितले ते मेंदूला उमगत नाही. या प्रकाराला पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी म्हणतात. इंग्लंडचे लेखक टेरी प्रॅचेट यांना ५९व्या वर्षी हेच निदान झाले होते.

तरुण रुग्णांत असे आडवळणाचे प्रकार जास्त आढळतात. दुसरा एक मोठा प्रकार फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे कपाळामागच्या आणि कानाजवळच्या भागाची झीज. त्यात आठवण बराच काळ टिकते, बदलतो तो स्वभाव किंवा बोलणे. आमच्या आधार-गटात एक बाई येतात. त्यांचा नवरा हिशेबाला चोख आणि अतिशय मर्यादेने वागणारा. तो ५४व्या वर्षी मयताच्या घरी हसू लागला, दुकानातून चॉकलेटे खिशात घालू लागला, फोनवर कोणी पैसे मागितले की देऊ लागला. दोन वर्षे घरच्यांना वाटत राहिले की माणूस बिघडला, बाहेर काही भानगड आहे. हॉलीवूडचे ब्रूस विलिस यांच्या घरच्यांनी २०२३ मध्ये जाहीर केले तो आजार हाच. त्यांच्या बाबतीत आधी बोलण्याची अडचण दिसली होती.

आपल्या पिढीला रिटा हेवर्थ आठवत असेल, ‘गिल्डा’ची नायिका. पन्नाशीत तिला सिनेमातले संवाद लक्षात राहीनात, ती चिडू लागली, बेभान वागू लागली. १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर तिचे विस्कटलेले फोटो छापून आले आणि जगाने ठरवून टाकले की बाई दारूत बुडाली. अल्झायमरचे निदान व्हायला आणखी काही वर्षे गेली. १९८१ पासून तिची कायदेशीर जबाबदारी तिच्या मुलीने, राजकन्या यास्मिन आगाखान यांनी घेतली. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला त्यांची ही नात. आईला न्यूयॉर्कमध्ये आपल्या शेजारी ठेवून तिने १९८७ पर्यंत सांभाळले आणि पुढे या आजारासाठी निधी उभा करण्यात आयुष्य घातले. दारू ही रिटाची खोटी ओळख झाली होती, ती पुसायला मुलीला फार कष्ट पडले.

नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वयस्कर रुग्णाचे निदान व्हायला सरासरी ३ वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो, तर तरुणाला ४ वर्षांहून जास्त. ही वर्षे संसार मोडायला पुरतात.

म्हणून पन्नाशीतल्या मुलाचे, सुनेचे किंवा भाच्याचे वागणे सहा महिन्यांत स्पष्ट बदलले असेल, नेहमीचे काम जमेनासे झाले असेल, शब्द सापडत नसतील किंवा जिना उतरायची भीती वाटू लागली असेल, तर तपासणीचा आग्रह धरा. आईने म्हटले की मुलगा डॉक्टरकडे जातो. बायकोने म्हटले तर पुष्कळदा भांडण होते. तपासणीचा दुसरा फायदा असा की काही कारणे बरी होण्यासारखी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती होऊ शकते), थायरॉइड, खरेखुरे नैराश्य, झोपेत श्वास अडकणे, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त, किंवा चार डॉक्टरांनी दिलेल्या चार औषधांचा एकमेकांशी बेबनाव. हे आधी बाजूला काढावे लागते.

औषधांबद्दल थोडक्यात

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या जुन्या गोळ्या काही जणांना काही काळ आधार देतात. पण फ्रंटोटेम्पोरल प्रकारात डोनेपेझिलचा उपयोग होत नाही, उलट चिडचिड वाढू शकते. निदान नेमके हवे ते यासाठी. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या सलाइनमधून द्यायच्या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ती फक्त अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात देतात. गेलेले परत आणत नाहीत, घसरण थोडी मंद करतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. माझ्या भावाचा तो टप्पा ही औषधे येईपर्यंत मागे पडला होता. गावठी काढा, स्मरणशक्तीची पावडर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे खोबरेल तेल यांवर मी काही लिहीत नाही. पैसे तुमचे आहेत.

आमच्या आईने एलियाहू हन्नबीला मलिदा बोलला होता. तो आम्ही केला, भावाने पोहे कालवले. आईला त्या रात्री नीट झोप लागली. नर्स म्हणून माझे म्हणणे एवढेच की मलिदा करा आणि सकाळची गोळीही द्या.

पोराबाळांना होईल का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि कोणी मोठ्याने विचारत नाही. माझ्या भाचीचे स्थळ पाहताना एका घरी तो न विचारताच उत्तर ठरवून टाकले गेले. म्हणून स्पष्ट लिहिते. लवकर सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्येही थेट वारशाने येणारा प्रकार साधारण दहातल्या एका रुग्णात असतो. त्यात तीन जनुकांपैकी एकात बिघाड असतो, आणि तसा बिघाड असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अशा घराण्यात पिढ्यान् पिढ्या चाळिशी-पन्नाशीत आजार दिसतो. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या अँटिओकिया भागातले एक प्रचंड मोठे घराणे यासाठी जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. तिथे चव्वेचाळिशीच्या आसपासच लक्षणे सुरू होतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात वारशाचे प्रमाण अल्झायमरपेक्षा जास्त आहे. बाकी बहुसंख्य रुग्णांत असा एकच एक जनुक नसतो. घराण्यात मागच्या तीन पिढ्यांत कोणाला कोणत्या वयात काय झाले, हे सांगू शकणारे तुम्हीच आहात. ते डॉक्टरांना खरे सांगा. ‘वेड लागले होते’ म्हणून झाकून ठेवलेला एखादा काका इथे महत्त्वाचा ठरतो. रक्ताची जनुकीय तपासणी मात्र समुपदेशकाशी बोलल्याशिवाय कोणी करू नये, आणि मुलांवर तिची सक्ती तर मुळीच नको. कळून घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा हक्क आहे.

नोकरी, गाडी, कागद

निदान होण्याआधी रागाच्या किंवा लाजेच्या भरात नोकरीचा राजीनामा देऊ नये. अमेरिकेत ही गोष्ट फार महाग पडते, कारण इथे वैद्यकीय विमा नोकरीला बांधलेला असतो. भावाच्या वरिष्ठांनी त्याला कामचुकार ठरवून कमी दर्जाचा शेरा दिला होता, तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी सोडून येणार होता. भावजयीने त्याला थांबवले. निदानाचा कागद हातात आल्यावर तो अपंगत्वाच्या रजेवर गेला आणि हक्काचे पैसे मिळाले. सोशल सिक्युरिटीने २०१० पासून लवकर सुरू होणाऱ्या अल्झायमरला त्या यादीत घातले आहे ज्यातल्या आजारांचे अर्ज लवकर निकालात काढतात. तरी भत्ता सुरू व्हायला ५ महिने आणि त्यानंतर मेडिकेअर मिळायला २४ महिने. तोवरच्या २९ महिन्यांसाठी कोब्रा नावाच्या कायद्याने जुना विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो. तो परवडेना, म्हणून भावजयीने अर्धवेळची नोकरी सोडून पूर्णवेळची धरली. दिवसभर घरी भाऊ आणि आई, हे असे ठरले.

गाडीचे दुःख नोकरीपेक्षा मोठे होते. कॅलिफोर्नियात डॉक्टरांना असे निदान आरोग्य खात्याला कळवावेच लागते आणि तिथून ते वाहन परवान्याच्या खात्याकडे जाते. पत्र आले त्या दिवशी त्याने जेवण टाकले. पण एका परीने बरे झाले. किल्ल्या सरकारने काढून घेतल्या, बायकोने नव्हे.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट ठळक करते. आपल्याकडे लोक समजतात की मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की साधे मुखत्यारपत्रही संपते. ज्या दिवसासाठी केले त्याच दिवशी ते निकामी. म्हणून समज शाबूत आहे तोवर मृत्युपत्र, बँकेतली जोडनावे, वारसनोंदी उरकून घ्या आणि पुढे पालक नेमण्याबद्दल वकिलाला आधीच विचारा. इस्रायलमध्ये २०१७ पासून सोय चांगली आहे. तिथे ‘यिपुई कोआख मितमशेख’ नावाचे टिकाऊ मुखत्यारपत्र करता येते आणि ते समज गेल्यावरच लागू होते. मात्र सही समज असतानाच व्हायला हवी. आणखी एक, बितुआख लेउमीचा सिउद भत्ता निवृत्तीच्या वयानंतरचा आहे. पन्नाशीतल्या रुग्णाने नखुत, म्हणजे अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज करायचा. चुकीच्या खिडकीवर महिने फुकट जातात.

घरात

आमच्या आईला वैद्यकशास्त्र येत नाही, पण तिने जे शोधून काढले ते इथल्या थेरपिस्टने वहीत लिहून घेतले. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात वाढला की भाऊ जेवायचाच नाही. आम्हाला वाटले भूक गेली. आईने एक दिवस गडद निळी ताटली काढली आणि भात संपला. त्याला भात दिसतच नव्हता. मग फुलाफुलांचा टेबलक्लॉथ गेला, दारातले काळे पायपुसणे गेले (ते त्याला खड्डा वाटायचे आणि तो उडी मारायचा), पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी लागली, संडासाचे झाकण लाल झाले. एकूण खर्च ६० डॉलरच्या आत. असे बदल डोळ्यांची नजर कमी झालेल्या कोणाच्याही घरात उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट, हातांना काम. त्याला टीव्हीसमोर बसवून ठेवणे सोपे होते, पण चित्र कळेना म्हणून तो वैतागायचा. बिरड्याच्या सणाच्या आधी आईने वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात घालून त्याच्यापुढे ठेवले. वाल सोलायला डोळे लागत नाहीत. दोन बोटांत दाबला की टरफल सुटते, हाताला आपोआप कळते. तासभर तो सोलत बसला. आता एल कमिनो रिअलवरच्या दुकानातून दर आठवड्याला वाल येतात आणि आमच्या घरी सणाशिवायच बिरडे शिजते. रोश हशानाला चिकाचा हलवा ढवळायलाही त्याला बसवतो. त्यात दोन तास हात चालवायचा असतो, एवढेच. आई किंवा मी शेजारी असतो आणि शेगडी आम्ही लावतो. काम देताना ‘तुझा वेळ जावा म्हणून’ असे म्हणायचे नाही. ‘माझे हात दुखतात, जरा सोलून दे’ असे म्हणायचे. आईच्या बाबतीत ते खरेही आहे.

आठवड्यातून तीन दिवस तो डे-केअर केंद्रात जातो. तिथे सगळे ऐंशीचे, हाच साठीचा. पहिल्या दिवशी तो बसमधून उतरेना. केंद्राच्या बाईंनी त्याला मदतनीस म्हणून बोलावले. तो नॅपकिन घड्या घालतो, खुर्च्या सरकवतो आणि घरी येऊन ‘आज काम फार होते’ असे सांगतो. कोणी त्याला दुरुस्त करत नाही.

भाषेचे सांगायला हवे. मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि बालपणची शेवटपर्यंत राहते. ३० वर्षे इंग्रजीत नोकरी केलेला माझा भाऊ आता इंग्रजीत वाक्य सुरू करतो आणि मराठीत संपवतो. त्याची मुलगी इथे वाढलेली, तिला मराठी जेमतेम. आईने तिला रोज पाच वाक्ये शिकवली : पाणी हवे का, दुखतंय का, मी आहे, बस इथे, आता जेवू या. इस्रायलमध्ये ज्यांची आपली माणसे वृद्धाश्रमात आहेत त्यांनी तिथल्या सेविकेला हिब्रू अक्षरांत अशी दहा मराठी वाक्ये लिहून द्यावीत. रुग्ण बोलत नाही, असे नर्स कागदावर लिहिते तेव्हा कधीकधी तो तिच्या भाषेत बोलत नाही एवढाच अर्थ असतो.

बाहेर हरवण्याची भीती प्रत्येक घराला असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ चित्रपट पाहिला असेल तर मोहन आगाशे हत्तीच्या मागे चालत जातात ते तुमच्या लक्षात असेल. आमचा भाऊ रोज सांता क्लाराच्या सेंट्रल पार्कमध्ये चालायला जायचा. एकदा तो चुकून मोठ्या रस्त्यावर आला आणि सिग्नल कळेना म्हणून खांबाला धरून पाऊण तास उभा राहिला. एका दुकानदाराने हात धरून बसवले आणि खिशातल्या चिठ्ठीवरून फोन केला. तेव्हापासून चिठ्ठीबरोबर मनगटात नाव, फोन नंबर आणि आजार कोरलेले कडे आहे, आणि सोबत कोणीतरी असतेच.

आता फोन. तुमच्यापैकी अनेक जण दूर आहेत, अश्दोदला, ठाण्याला, टोरांटोला, आणि प्रेमाने फोन करता. ‘ओळख बघू, मी कोण?’ हे कृपा करून विचारू नका. रुग्णासाठी ती परीक्षा असते आणि तो नापास झाल्याचे त्याला कळते. ‘अरे, मी लोदची मावशी बोलतेय, तुझ्या आईची धाकटी बहीण’ असे स्वतःच सांगा. एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि उत्तराची वाट बघा, मनात दहा आकडे मोजेपर्यंत. ‘आम्हीही विसरतो हो, किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही’ हे सांत्वन घरच्यांना बोचते, कारण तुमच्या किल्ल्या दुपारी सापडतात. सुनेला ‘तो कसा आहे’ विचारून झाले की ‘तू जेवलीस का, झोपलीस का’ हेही विचारा. आमच्या भावजयीला सहा महिन्यांत हा प्रश्न फक्त एका आत्याने विचारला. ती आजही त्या आत्याचे नाव काढते.

आणि सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनो, स्वतःच्या वयाचा हिशेब ठेवा. रुग्ण तरुण असतो म्हणजे अंगाने धडधाकट असतो. तो पडला तर ८६ वर्षांच्या आईने त्याला उचलायचे नाही. त्याच्याजवळ बसायचे, उशी द्यायची, फोन करायचा. तो चिडला तर वाट अडवायची नाही, वाद घालायचा नाही, खोलीबाहेर यायचे. रात्री एकटीने राहायचे नाही. आईची रक्तदाबाची गोळी दोनदा चुकली तेव्हापासून तिच्या गोळ्यांचा डबा मी भरते. आई एकदा म्हणाली, ‘माझ्या डोक्याला झाले असते तर चालले असते, त्याला का?’ मी काही बोलले नाही, तिच्याबरोबर वाल सोलत बसले.

मदतीसाठी अमेरिकेत अल्झायमर्स असोसिएशनचा फोन २४ तास चालू असतो : १-८००-२७२-३९००. दुभाषाची सोय आहे. कमी वयाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी त्यांचे वेगळे आधार-गट असतात, तेच शोधा. ऐंशीच्या नवऱ्याला सांभाळणाऱ्या बाईचे प्रश्न वेगळे, आणि मुलीची फी भरत नवऱ्याला सांभाळणाऱ्या बाईचे वेगळे. भारतात एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून काम करते, मुंबईत डिग्निटी फाउंडेशन आहे. इस्रायलमध्ये एम्दा.

एक काम या आठवड्यात करण्यासारखे आहे. रुग्णाला लहानपणापासून ओळखणारे घरात तुम्हीच आहात, तेव्हा त्याच्याबद्दल एक पान लिहून ठेवा, मराठीत आणि तिथल्या भाषेत. दवाखान्यात किंवा केंद्रात नवीन माणूस आला की ते पान त्याच्या हातात द्यायचे. आमच्या आईने सांगितले आणि मी लिहिले. त्यात आहे : त्याला घरी कोणत्या नावाने हाक मारतात. उजव्या बाजूने गेलात तर दचकतो, डावीकडून या. अंघोळीचे पाणी आधी हातावर घाला, मग अंगावर. गर्दीत घाबरला तर ‘शेमा’ म्हणायला सुरुवात करा, पुढचे तो स्वतः म्हणतो. मासे काटे काढून द्या. चहा निळ्या कपात, दीड चमचा साखर, आणि कप हातात देऊन बोटे कानाभोवती मिटेपर्यंत सोडू नका.